स्थानिक लेखकांची पुस्तके आणि साक्षरता निधी: स्वतंत्र पुस्तक दुकानासाठी कार्यपद्धती

कोणत्याही साखळीचा भाग नसलेल्या, मालकाच्या निवडीवर आणि मालकाच्याच जोखमीवर चालणाऱ्या पुस्तक दुकानात दोन प्रकारची माणसे हमखास येतात. एक म्हणजे स्वतःच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आलेला परिसरातील लेखक, आणि दुसरा म्हणजे लिहा-वाचायला शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेसाठी मदत मागायला आलेला कार्यकर्ता. दोघांनाही नकार देणे जड जाते, त्यामुळे पुष्कळ दुकानदार दोघांनाही फारसा विचार न करता होकार देऊन मोकळे होतात. सहा महिने उलटतात आणि मग लेखकाच्या नेमक्या किती प्रती विकल्या गेल्या हे कोणालाच सांगता येत नाही. गल्ल्याशेजारच्या पेटीत साठलेली रक्कम कधी आणि कोणाच्या हाती द्यायची होती, याचीही आठवण राहत नाही. हेतू चांगला असूनही दोन्ही संबंध बिघडतात, आणि ते बिघडण्याचे कारण जवळजवळ नेहमी हिशेबाच्या वहीत सापडते.

म्हणून या लेखात लेखकाला पाठबळ देणे आणि साक्षरतेसाठी निधी उभा करणे ही दोन्ही कामे मुख्यतः हिशेबाच्या अंगाने मांडली आहेत. दुकानात येणाऱ्या पैशांपैकी काही लेखकाचे असतात, काही दुकानाचे असतात आणि काही निधीचे असतात. हे तीन पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर बाकीची बहुतेक कामे सोपी होतात.

पुस्तक स्वीकारण्यापूर्वी

सर्वप्रथम एका पानावर मावेल एवढे लेखी धोरण तयार करावे. स्थानिक लेखक कोणाला म्हणायचे, येथून त्याची सुरुवात होते. त्या भागात राहणारा, त्या भागात वाढून दुसरीकडे गेलेला, की त्या भागाविषयी लिहिणारा? तिघांनाही सामावून घेता येते, पण तसे लिहिलेले असावे. अन्यथा प्रत्येक वेळी नव्याने वाद होतो. पुस्तके पाहण्यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ, एका वेळी स्वीकारायच्या प्रतींची संख्या, प्रती दुकानात ठेवण्याची मुदत, पैशांची विभागणी, प्रत खराब झाल्यास किंवा हरवल्यास भार कोणाचा, आणि मुदतीनंतर न नेलेल्या प्रतींचे काय करायचे, एवढे मुद्दे त्या पानावर असले म्हणजे पुरे. सुरुवातीला ५ प्रती आणि ९० दिवस हे प्रमाण बहुतेक दुकानांना झेपते. लेखकाने आग्रहाने ५० प्रती ठेवून जाण्याची तयारी दाखवली, तरी त्या घेऊ नयेत. पुस्तकांचे दुकान हे कोठार नव्हे, आणि फडताळाखाली पडून राहिलेल्या गठ्ठ्याला ओल आणि वाळवी लागायला वेळ लागत नाही.

पुस्तक हातात आल्यावर आधी त्याचा कणा पाहावा. कण्यावर नाव छापलेले नसेल किंवा पुस्तक नुसते पिना मारून बांधलेले असेल, तर उभ्या रांगेत ते दिसेनासे होते आणि त्याला दर्शनी मांडणीच द्यावी लागते. त्यानंतर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, पाहावा. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे आणि तो ९७८ किंवा ९७९ या अंकांनी सुरू होतो. मलपृष्ठावरील बारकोडमध्ये हाच क्रमांक असल्यामुळे विक्रीची नोंद आपोआप होते. क्रमांक नसला म्हणून पुस्तक नाकारण्याचे कारण नाही. दुकानाने स्वतःचा सांकेतिक क्रमांक देऊन त्याची चिठ्ठी आतल्या पानावर, सहज निघेल अशा रीतीने लावावी. मात्र पुढच्या आवृत्तीच्या वेळी आयएसबीएन घेण्याविषयी लेखकाला आवर्जून सांगावे, कारण त्याशिवाय ग्रंथालये आणि इतर विक्रेते ते पुस्तक सहसा मागवत नाहीत.

पुस्तकाची किमान वीस पाने वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये. नकार द्यायचा असल्यास तो लवकर आणि कारणासह द्यावा: आमच्या ग्राहकांत या विषयाला वाचक नाही, मुद्रितशोधन झालेले नाही, किंवा किंमत पृष्ठसंख्येच्या मानाने फार आहे. ‘नंतर पाहू’ हे उत्तर सौजन्याचे वाटते, पण लेखक दर आठवड्याला येऊन विचारत राहतो आणि दोघांचाही वेळ जातो. या बाबतीत माझ्या हातून पूर्वी अनेकदा चूक झाली आहे. स्पष्ट नकाराने दुखावलेली माणसे पुन्हा आली, झुलवत ठेवलेली आली नाहीत.

विभागणी आणि नोंदवही

पुस्तक घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक रोखीने विकत घेणे, आणि दुसरा विकले जाईल तसे पैसे देऊन उरलेल्या प्रती परत करणे. न विकलेली पुस्तके परत घेण्याची प्रथा अमेरिकेत १९३० च्या दशकातील मंदीत रुजली; विक्रेत्यांनी नवी पुस्तके मागवणे थांबवू नये म्हणून प्रकाशकांनी ती जोखीम स्वतःकडे घेतली. स्वतःच पुस्तक छापणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हीच जोखीम एका माणसाच्या खिशावर येते, हे दुकानदाराने विसरू नये. पूर्वी ज्याची पुस्तके चांगली विकली गेली आहेत, अशा लेखकाच्या दोन-तीन प्रती रोखीने घ्याव्यात. रक्कम छोटी असली तरी तिचा परिणाम मोठा असतो.

विभागणीपुरते बोलायचे, तर छापील किमतीचे ६० टक्के लेखकाला आणि ४० टक्के दुकानाला हे प्रमाण अनेक ठिकाणी प्रचलित आहे. ४० टक्के ऐकून नवा लेखक चमकतो. त्यातून जागेचे भाडे, पगार, वीज आणि न विकल्या गेलेल्या पुस्तकांनी अडवलेली जागा यांचा खर्च भागतो, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे. लेखकानेही एक गणित आधी करायला हवे, आणि शक्य असल्यास पुस्तक छापायला जाण्यापूर्वीच दुकानदाराने त्याला ते करायला लावावे. एका प्रतीचा छपाईखर्च छापील किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ६० टक्क्यांतून त्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. पुस्तक छापून झाल्यावर किंमत खोडून चिठ्ठी चिकटवणे हा उपाय नव्हे. ग्राहक ती चिठ्ठी नखाने उचकटून पाहतो आणि पुस्तक खाली ठेवतो.

प्रती स्वीकारताना चलन दोन प्रतींत करावे आणि दोन्हींवर लेखकाची आणि दुकानाची सही घ्यावी. नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र पान द्यावे. अशा एका पानावरील नोंदी उदाहरणादाखल पाहू. लेखकाने २० प्रती दिल्या. अभिवाचनाच्या संध्याकाळी ११ विकल्या गेल्या आणि पुढच्या तीन महिन्यांत आणखी ३. एका प्रतीवर दुकानातच पाणी सांडले. एक प्रत लेखकाने चाळण्यासाठी म्हणून विनामूल्य दिली होती, आणि ४ प्रती परत गेल्या. बेरीज २० भरते. आता लेखकाला १४ विकलेल्या प्रतींचे आणि दुकानाच्या चुकीने खराब झालेल्या एका प्रतीचे, असे १५ प्रतींचे ६० टक्के द्यायचे आहेत, म्हणजे ९ प्रतींच्या छापील किमतीइतकी रक्कम. विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे छापील किमतीच्या १० टक्के साक्षरता निधीला द्यायचे असे दुकानाने जाहीर केले असेल, तर निधीची रक्कम १.४ प्रतींच्या किमतीएवढी होते. एकूण १४ प्रतींच्या विक्रीतून दुकानाकडे ३.६ प्रतींची किंमत उरते. हे आकडे डोळ्यांसमोर असल्याशिवाय दहा टक्क्यांची घोषणा करू नये. उत्साहाच्या भरात वीस टक्के जाहीर केले असते, तर दुकानाकडे केवळ २.२ प्रतींची किंमत उरली असती आणि त्या संध्याकाळचा चहा-खुर्च्यांचा खर्चही निघाला नसता.

या उदाहरणात निधीची रक्कम दुकानाच्या वाट्यातून गेली आहे, लेखकाच्या नाही, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. लेखकाने स्वतःहून आपल्या वाट्यातील काही भाग देऊ केला, तर तो कृतज्ञतेने घ्यावा आणि चलनावर तसे लिहून घ्यावे. परंतु कार्यक्रमाच्या वेळी, पंचवीस माणसांसमोर, ‘लेखकही काही देतीलच’ असे म्हणणे ही सक्ती आहे. त्या क्षणी नाही म्हणण्याची सोय कोणालाच नसते.

मांडणी आणि अभिवाचन

स्थानिक लेखकांसाठी वेगळे फडताळ करावे की त्यांची पुस्तके विषयवार विभागांत मिसळावीत, हा जुना प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही करावे. फक्त वेगळे फडताळ ठेवले, तर लेखकाचे नातलग तेथे जातात आणि इतर ग्राहक त्याला वळसा घालून पुढे जातात. फक्त विषयवार मांडले, तर पुस्तक मोठ्या प्रकाशनांच्या गर्दीत बुडून जाते. म्हणून एक प्रत स्थानिक फडताळावर, मुखपृष्ठ समोर येईल अशी, आणि एक प्रत तिच्या विषयाच्या रांगेत ठेवावी. दुकानातील कोणी ते पुस्तक खरोखर वाचले असेल, तर दोन-तीन ओळींची हस्तलिखित शिफारस त्याखाली लावावी. ‘अवश्य वाचावे’ असे लिहिण्यापेक्षा ‘तिसऱ्या प्रकरणातील विहिरीचा प्रसंग वाचून पाहा’ असे लिहिल्याने हात पुस्तकाकडे जातो. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस मात्र कधीही लिहू नये.

अभिवाचनाचा कार्यक्रम चाळीस ते पन्नास मिनिटांचा असावा. त्यात प्रत्यक्ष वाचन पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावे, आणि कोणते उतारे वाचायचे हे लेखकाने आधी घड्याळ लावून ठरवलेले असावे. अपेक्षित संख्येपेक्षा थोड्या कमी खुर्च्या मांडाव्यात. मागून आणून लावता येतात, पण रिकाम्या रांगांसमोर वाचणाऱ्याचा आवाज आपोआप पडतो. विक्रीचे टेबल व्यासपीठाजवळ नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर असावे. स्वाक्षरीसाठी रांग लागते तेव्हा दुकानातील एका माणसाने प्रत्येकाचे नाव छोट्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पुस्तकाच्या पहिल्या पानात खोचून द्यावी. लेखक नाव विचारतो, गलक्यात चुकीचे ऐकतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक शाईने कायमची होते. ती प्रत मग ना ग्राहकाला आवडते, ना परत विकता येते.

नव्या पुस्तकासाठी आगाऊ नोंदणी घेणे हा दुकानाच्या हातातला सर्वांत प्रभावी मार्ग आहे, आणि तो काही नवा नाही. सिल्विया बीच यांनी १९१९ मध्ये पॅरिसमध्ये शेक्सपिअर अँड कंपनी हे दुकान सुरू केले. इतर प्रकाशक धजावत नव्हते ती जेम्स जॉयस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी त्यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रकाशित केली, तेव्हा १,००० क्रमांकित प्रतींच्या त्या आवृत्तीसाठी त्यांनी आधीच ग्राहकांची नोंदणी केली होती. त्यांपैकी १०० प्रती लेखकाच्या स्वाक्षरीच्या होत्या. एवढे धाडस प्रत्येकाने करावे असे नाही. पण ३० प्रतींची आगाऊ नोंदणी झाली, तरी किती प्रती छापाव्यात हे लेखकाला अंदाजाने ठरवावे लागत नाही. आगाऊ घेतलेली रक्कम मात्र पुस्तक ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत खर्च करू नये, कारण छपाई लांबणीवर पडणे ही अपवादाची गोष्ट नाही.

साक्षरतेसाठी निधी

युनेस्कोच्या अंदाजानुसार जगातील ७० कोटींहून अधिक प्रौढांना प्राथमिक लेखन-वाचन येत नाही. एका दुकानाने या आकड्याला भिडण्याचा प्रयत्न करू नये. चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची एक शाळा, एक ग्रंथालय किंवा एक प्रौढ शिक्षण वर्ग निवडावा आणि त्याच्याशी किमान एक वर्ष बांधून घ्यावे. दर महिन्याला नवी संस्था घेतल्यास कोणालाच उपयोगी पडेल एवढी रक्कम जमत नाही. निवड करण्यापूर्वी संस्थेची नोंदणी आणि गेल्या वर्षीचा हिशेब पाहावा, आणि तेथील शिकवणाऱ्या व्यक्तीला भेटून नेमके काय हवे हे विचारावे. उत्तर बहुधा अनपेक्षित असते. पुस्तके पुरेशी असतात, पण संध्याकाळच्या वर्गात उजेड नसतो. किंवा प्रौढ विद्यार्थ्यांना लहान मुलांची चित्रमय पुस्तके वाचायला संकोच वाटतो आणि मोठ्या टाइपातील, प्रौढांच्या विषयांवरील सोपा मजकूर मिळत नाही.

पैसे जमवण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतील तीन मला वापरण्याजोग्या वाटतात. ठरावीक दिवशीच्या विक्रीतील जाहीर केलेला हिस्सा देणे ही पहिली. बिलाची रक्कम ग्राहकाच्या संमतीने वरच्या पूर्णांकापर्यंत नेणे ही दुसरी. यात रक्कम सावकाश पण सातत्याने वाढते, फक्त प्रत्येक ग्राहकाला विचारताना ‘नाही’ म्हणणाऱ्याला ओशाळे वाटणार नाही असा सूर राखावा लागतो. तिसरी आणि मला सर्वांत पसंत असलेली पद्धत म्हणजे वर्गाने दिलेल्या यादीतील पुस्तक ग्राहकाने विकत घेऊन तेथेच ठेवून जाणे. ग्राहकाला आपण काय दिले हे दिसते, वर्गाला हवे तेच मिळते, आणि त्या यादीत परिसरातील लेखकांची मुलांसाठीची पुस्तके असतील, तर दुकानाची दोन्ही कामे एकाच व्यवहारात होतात. २००० मध्ये स्थापन झालेली रूम टू रीड ही संस्था स्थानिक लेखक आणि चित्रकारांकडून मुलांच्या भाषेत पुस्तके तयार करून घेते. शिकणाऱ्याच्या भाषेतले, त्याच्या ओळखीच्या जगातले पुस्तक लवकर वाचले जाते, हे त्यामागचे साधे कारण आहे. यादी मंजूर करण्याचा अधिकार मात्र शिक्षकाकडेच असावा. दुकानात पडून राहिलेल्या प्रती खपवण्यासाठी ही योजना वापरली जाते आहे असे एकदा वाटले, की ती संपलीच.

जुन्या पुस्तकांचे संकलन सोपे वाटते, पण ते मी शक्यतो टाळायला सांगेन. लोक आपल्याला नको असलेली पुस्तके देतात. कालबाह्य मार्गदर्शके, पाने सुटलेले शब्दकोश आणि भरलेल्या व्यवसायमाला यांची छाननी करण्यात दोन माणसांचा आठवडा जातो. १९५४ पासून कार्यरत असलेली बुक एड इंटरनॅशनल ही संस्था आज प्रामुख्याने प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तके पाठवते, यातून घ्यायचा बोध पुरेसा स्पष्ट आहे.

तारखा निवडताना ८ सप्टेंबर आणि २३ एप्रिल हे दोन दिवस सोयीचे आहेत. पहिला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन असून तो युनेस्कोने १९६६ मध्ये जाहीर केला आणि १९६७ पासून साजरा होतो. दुसरा १९९५ मध्ये जाहीर झालेला जागतिक पुस्तक व स्वामित्वहक्क दिन आहे. अमेरिकेत एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी स्वतंत्र पुस्तक दुकान दिन असतो. २०१४ मध्ये तो केवळ कॅलिफोर्नियापुरता होता आणि पुढच्याच वर्षी देशभर पसरला. एकेकट्या दुकानांनी एकाच दिवशी एकत्र येण्याचा फायदा किती होतो, हे त्यावरून कळते.

कायद्याची बाजू प्रत्येक देशात वेगळी असते, त्यामुळे जाहीर निधिसंकलनाला परवानगी लागते का आणि देणगीचा हिशेब कसा ठेवावा, हे स्थानिक कर सल्लागाराला आधी विचारावे. दुकान ही धर्मादाय संस्था नसल्यामुळे करसवलतीसाठी ग्राह्य धरली जाणारी पावती साधारणपणे नोंदणीकृत संस्थेनेच द्यावी लागते. ग्राहकाला तसे आश्वासन दुकानदाराने परस्पर देऊ नये. पुस्तकांच्या किमतींवर कायद्याचे बंधन असलेल्या देशांत आणखी एक अडचण येते. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर छापील किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक सूट देता येत नाही. अशा ठिकाणी सवलतीचा मेळावा भरवून निधी जमवण्याचा विचार सोडून द्यावा लागतो आणि दुकानाच्या वाट्यातून देणे हाच सरळ मार्ग उरतो.

देणगी पेटी ठेवायची असेल, तर ती पारदर्शक, कुलूपबंद आणि गल्ल्यापासून हातभर दूर असावी. तिच्यावर संस्थेचे नाव आणि पेटी उघडण्याची तारीख लिहावी. मोजणी दोघांनी मिळून करावी, एक आकडा सांगेल आणि दुसरा लिहील, आणि ती रक्कम सुट्या पैशांची चणचण म्हणून एका दिवसासाठीही गल्ल्यात फिरवू नये. शिकणाऱ्या मुलांची किंवा प्रौढांची छायाचित्रे मदतीच्या बदल्यात मागू नयेत. आपल्याला वाचता येत नाही हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून कित्येक प्रौढ दूरच्या वर्गाला जातात.

कार्यक्रमानंतर

लेखकाचा हिशेब कार्यक्रमानंतर तीस दिवसांच्या आत, विकलेल्या प्रतींच्या नोंदीसह द्यावा. एकही प्रत विकली गेली नसेल, तर तेही लेखी कळवावे. निधीची रक्कम त्याच मुदतीत संस्थेच्या खात्यावर जमा करावी आणि मिळालेल्या पावतीची प्रत, किती प्रतींच्या विक्रीतून किती रक्कम आली एवढ्या दोन ओळींसह, दुकानात ग्राहकांना दिसेल अशा जागी महिनाभर लावावी. ठरलेल्या मुदतीच्या पंधरा दिवस आधी लेखकाला उरलेल्या प्रतींची संख्या कळवून मुदत वाढवायची की प्रती परत घ्यायच्या हे विचारावे. परत देताना प्रत्येक प्रत उघडून पाहावी, दुकानाच्या चिठ्ठ्या काढाव्यात, मुखपृष्ठ पुसावे, आणि मूळ चलनावरच परतीची संख्या लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.